वधकथा आणि नागकथा : ‘ड्रॅगन’ या संज्ञेच्या मराठी उपयोजनाची चिकित्सा

प्रस्तावना

पाश्चात्त्य लोककथांतील ड्रॅगन आणि आपल्याकडील नाग ही एकाच कल्पनेची दोन रूपे आहेत, असे विधान लोकसाहित्यविषयक मराठी लेखनात अनेकदा केले जाते. विधान सोयीचे आहे. त्यामुळे इंद्र-वृत्र, अपोलो-पायथन, सिगुर्ड-फाफ्निर, संत जॉर्ज आणि कालियामर्दन एकाच तक्त्यात बसतात. प्रस्तुत लेखात या सोयीची चिकित्सा करावयाची आहे. त्यासाठी कोल्हापूर व परिसरातील आख्याने आणि नागपंचमीच्या कहाण्या यांचा आधार घेतला आहे.

या विषयाकडे वळण्याचे निमित्त वर्गातील आहे. लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेसाठी विद्यार्थ्यांना घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांकडून नागपंचमीची कहाणी ऐकून ती लिहून आणण्यास आणि व्लादिमीर प्रॉप यांच्या कथाकार्यांनुसार तिचे विश्लेषण करण्यास सांगितले होते. एका विद्यार्थिनीने कहाणी उत्तम लिहिली होती. परंतु तक्त्यातील ‘झुंज’ आणि ‘विजय’ हे रकाने कोरे सोडले होते. मी त्या कोऱ्या रकान्यांचे गुण कापले. रकाने कोरे का राहिले, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. तो पडावयास हवा होता.

ड्रॅगनकथेचा साचा

आर्ने आणि थॉम्प्सन यांच्या कथाप्रकार सूचीत ‘ड्रॅगनचा वध करणारा’ या कथेला ३०० हा क्रमांक आहे. हान्स-यॉर्ग उथर यांनी २००४ साली केलेल्या सुधारित सूचीतही तो कायम आहे. साचा सर्वपरिचित आहे. एक अक्राळविक्राळ प्राणी पाणी, धन किंवा राजकन्या अडवून बसतो. वीर त्याला ठार करतो. अडवलेले मोकळे होते आणि वीराला त्याचे फळ मिळते. कॅल्व्हर्ट वॉटकिन्स यांनी ‘हाउ टू किल अ ड्रॅगन’ (१९९५) या ग्रंथात भारोपीय भाषांतील काव्यपरंपरेचा शोध घेऊन ‘वीराने सर्पाला मारले’ हे सूत्र या परंपरेच्या मुळाशी असल्याचे दाखवले. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील बत्तिसावे सूक्त हा त्यांचा एक महत्त्वाचा आधार आहे. तेथे वृत्राला ‘अहि’ म्हणजे सर्प म्हटले आहे. इंद्र वज्राने त्याला मारतो आणि कोंडलेले पाणी वाहू लागते.

वैदिक सामग्रीपुरते हे विवेचन समर्थ आहे. अडचण येते ती हे सूत्र नंतरच्या सर्व भारतीय सर्पकथांना लावताना. इंद्राचे सूक्त आणि शेतकऱ्याच्या घरात सांगितली जाणारी कहाणी या दोहोंत सर्प आहे; म्हणून दोहोंची कथनरचना एक ठरत नाही.

आरंभी असलेला वध

नागपंचमीची सर्वांत प्रचलित कहाणी पाहू. शेतकरी शेत नांगरतो. नांगराचा फाळ वारुळात शिरतो आणि नागिणीची पिले मरतात. परत आलेली नागीण सूड म्हणून शेतकऱ्याच्या कुटुंबाला डसते. सासरी असलेली एक मुलगी तेवढी उरते. नागीण तिच्याकडे जाते, तो तिने पाटावर नाग-नागीण आणि त्यांची पिले काढून दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखवलेला असतो. नागीण प्रसन्न होते, मुलीला अमृत देते आणि माहेरची माणसे पुन्हा जिवंत होतात.

या कहाणीत वध आहे, परंतु तो प्रारंभी आहे. तो पराक्रमाने नव्हे, तर नकळत घडलेला आहे. वध करणारा वीर नसून पोटासाठी राबणारा शेतकरी आहे. दुसऱ्या कहाणीत माहेर नसलेली धाकटी सून नागालाच मामा म्हणते आणि त्याच्याबरोबर त्याच्या घरी जाते. नागिणीच्या बाळंतपणात तिच्या हातून दिवा पडतो आणि पिलांची शेपटे भाजतात. ही पिले मोठी होऊन सूड घेण्यास येतात. तेव्हा ती आपल्या लांडोबा-पुंडोबा या भावांच्या खुशालीची प्रार्थना करीत असल्याचे त्यांच्या कानी पडते. त्यांचा राग मावळतो आणि जाताना ती तिच्यासाठी नवरत्नांचा हार ठेवून जातात.

ड्रॅगनकथेत वध हा शेवट असतो. नागकथेत वध किंवा इजा ही सुरुवात असते. हा केवळ क्रमाचा भेद नाही. वध शेवटी आला की तो प्रश्नाचे उत्तर ठरतो. आरंभी आला की तोच प्रश्न होतो. झाल्या हानीची भरपाई कशी करावी, हा तो प्रश्न आणि कहाणीचे उत्तर आहे नाते. आपल्याकडे नागपंचमीच्या आदल्या दिवशी स्त्रिया भावासाठी उपवास करतात आणि पंचमीला कापणे, चिरणे, तळणे, जमीन नांगरणे वर्ज्य मानतात. हे आचार कहाणीचेच कृतिरूप आहेत: ज्या हत्याराने आगळीक घडली, ते त्या दिवशी खाली ठेवावयाचे.

धनाच्या कल्पनेतही हाच भेद दिसतो. फाफ्निर आणि ‘बेओवुल्फ’मधील ड्रॅगन धनावर बसलेले आहेत, ते मेल्यावाचून धन मिळत नाही. गुप्तधनावर नाग असतो ही समजूत आपल्याकडेही आहे. परंतु कहाणीत हार लुटावा लागत नाही. तो दिला जातो.

महाभारताची साक्ष

ही रचना केवळ स्त्रियांच्या कहाण्यांपुरती आहे असा आक्षेप येऊ शकतो. महाभारत त्याला उत्तर देते. खांडववन जाळताना नागांचा संहार होतो. वधकथेच्या साच्यात येथे कथा संपली असती. महाभारतात मात्र वैर पुढे चालत राहते: तक्षकाच्या दंशाने परीक्षित मरतो, जनमेजय सर्पसत्र मांडतो आणि सर्व नागकुलांचा विनाश समोर येतो. ते सत्र आस्तिक थांबवतो. त्याचा पिता ऋषी आहे आणि माता वासुकीची बहीण. म्हणजे येथेही वैर मिटते ते दोन्ही कुळांशी रक्ताचे नाते असलेल्या माणसाकडून.

कालियाचेही तेच. कृष्ण त्याच्या फण्यांवर नाचतो, परंतु त्याला मारत नाही. डोह सोडून जाण्यास सांगतो. दामोदर कोसंबी यांनी अशा कथांत नागपूजक समूहांना सामावून घेण्याच्या प्रक्रियेचे सूचन पाहिले. सामाजिक अन्वयार्थ म्हणून तो महत्त्वाचा आहे.

प्रतिकूल उदाहरणही नोंदवले पाहिजे. भागवतात कृष्ण अघासुराला ठार करतो आणि अघासुर अजगराच्या रूपात आहे. परंतु तो अजगराचे रूप घेतलेला असुर आहे. त्याला कालियासारखे बायकापोरांचे घर नाही. वृत्रही असुरच मानला गेला. सर्प असुर म्हणून आला की मारला जातो आणि कुळवंत नाग म्हणून आला की त्याच्याशी व्यवहार करावा लागतो. ‘ड्रॅगन’ या एकाच शब्दात नेमका हा भेद पुसला जातो.

करवीरचे आख्यान

मग असुरवधाची कथा तरी निव्वळ वधकथा आहे का? याचा विचार करण्यास कोल्हापूरइतके सोयीचे स्थळ नाही. महालक्ष्मीने कोल्हासुराचा वध केला, तसाच जोतिबाने वाडी रत्नागिरी येथे रत्नासुराचा. दोन्ही कथा वीरकथेच्या साच्यात बसतात. परंतु कोल्हासुर मरताना वर मागतो की, हे क्षेत्र माझ्या नावाने ओळखले जावे. नगरनामाच्या अन्य व्युत्पत्त्याही मांडल्या गेल्या आहेत. येथे महत्त्व आहे ते लोकांनी स्वीकारलेल्या कथेला. या कथेत जिंकणारी देवी नगरात राहते आणि हरलेल्याचे नाव नगराला मिळते.

पुढचा भाग अधिक अर्थपूर्ण आहे. कोल्हासुराचा पुत्र कामाक्ष योगदंडाच्या बळावर देवीसह सर्वांना मेंढरे बनवतो. त्र्यंबोली युक्तीने दंड मिळवून कामाक्षाला मारते आणि सर्वांची सुटका करते. विजयोत्सवात मात्र तिलाच बोलावण्याचे राहून जाते. ती रुसून नगराकडे पाठ करून टेकडीवर बसते. तिची समजूत काढण्यासाठी महालक्ष्मी स्वतः तेथे जाते आणि कोहळा फोडून कोल्हासुरवध पुन्हा करून दाखवते. आजही ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर जाते, कुमारिकेच्या हस्ते कोहळा फोडला जातो आणि त्याचे तुकडे मिळवण्यासाठी भाविकांची झुंबड उडते. वध झाल्यावरही रुसवा काढणे उरतेच, असे हा विधी सांगतो.

शिवाय देवीच्या मूर्तिलक्षणाकडे पाहावे. देवीमाहात्म्याच्या प्राधानिक रहस्यात महालक्ष्मीच्या हातांत मातुलुंग, गदा, खेटक व पानपात्र आणि मस्तकावर नाग, लिंग व योनी सांगितली आहेत. संत जॉर्जच्या चित्रात ड्रॅगन घोड्याच्या टापांखाली असतो. असुरमर्दिनी महालक्ष्मीने मात्र नाग माथ्यावर धारण केला आहे. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’त वारुळाच्या रूपातील मातृदेवतांची जी मांडणी केली, तिच्या प्रकाशात आणि गोमंतकातील सातेरीच्या वारूळपूजेच्या संदर्भात हे साहचर्य आकस्मिक वाटत नाही.

भाषांतराचा पेच

संज्ञेचा प्रवासही बोलका आहे. बौद्ध ग्रंथांचे चिनी भाषांतर करणाऱ्यांनी ‘नाग’ या शब्दासाठी ‘लुंग’ हा शब्द योजला. लुंग हा पाऊस देणारा, मंगलदायी. नाग आणि लुंग दोघेही पाण्याचे अधिपती असल्याने ही निवड अर्थाला धरून होती. पुढे युरोपीयांनी लुंगला ‘ड्रॅगन’ म्हटले आणि पाऊस देणारा प्राणी वधयोग्य प्राण्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला. आपल्या वृत्तपत्रांतला आक्रमक ‘चिनी ड्रॅगन’ त्याचाच वारस आहे. याउलट मराठी बायबलच्या ‘प्रकटीकरण’ या पुस्तकात ड्रॅगनसाठी ‘अजगर’ हा शब्द आला, नाग नव्हे. त्या भाषांतरकारांचा भाषेचा कान तक्ते मांडणाऱ्या आम्हा अभ्यासकांपेक्षा तिखट म्हणावा लागेल.

नाते आणि प्रत्यक्ष नाग

नागकथेचा गौरव करताना भाबडेपणा टाळला पाहिजे. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे. त्यांतील बहुतांश ग्रामीण भागातील होते. कहाणीतील भय कल्पित नाही. नांगर आणि वारूळ एकाच शेतात असतात; म्हणूनच या शत्रूला मारून प्रश्न संपत नाही, हे शेतकरी समाजाला ठाऊक होते.

दुसरीकडे, नात्याचा विधी हाही इजेचे कारण होऊ शकतो. बत्तीस शिराळ्यात गोरखनाथांच्या आख्यानाशी जोडलेली जिवंत नागाच्या पूजेची परंपरा होती. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ आणि मुंबई उच्च न्यायालयाचे आदेश यांमुळे नाग पकडून मिरवण्यावर निर्बंध आले. श्रद्धेवर घाला म्हणून त्याविषयी नाराजी व्यक्त झाली. परंतु दूध हे नागाचे अन्न नाही आणि पकडल्याने त्याला इजा होते, हे मान्य केले तर कहाणीच आपल्याला मार्ग दाखवते. तिचा आरंभच नकळत केलेल्या इजेने होतो; ती इजा उत्सवाचा भाग करणे कहाणीच्या विरुद्ध जाते. कहाणीतील मुलीने पूजिला तो पाटावर काढलेला नाग होता.

निष्कर्ष

तौलनिक अभ्यास त्याज्य नाही. तुलनेमुळेच वरील भेद दिसला. प्रॉप यांनीही प्रत्येक कथेत सर्व कार्ये असलीच पाहिजेत असे म्हटले नव्हते. तो आग्रह आपल्या अध्यापनाचा आहे. कथेत कोणता प्राणी आहे यापेक्षा वध कोठे आहे आणि त्यानंतर काय उरते, हे पाहणे अधिक फलदायी ठरते. या निकषावर मराठी नागकथा ही ड्रॅगनकथेचे प्रादेशिक रूप नसून वेगळी कथनरचना ठरते आणि कोल्हासुराचे आख्यान या दोहोंच्या सीमेवर उभे राहते.

त्या विद्यार्थिनीचे कोरे रकाने हे तिच्या कहाणीचे अचूक वाचन होते. गुणपत्रक आता बदलता येत नाही; पुढील वर्षापासून तक्ता मात्र कहाणी वाचून झाल्यावरच वर्गात आणावयाचा, एवढे ठरवले आहे.