जे. आणि ई. गूल्ड

१८३८ साली पती जॉनसोबत ऑस्ट्रेलियातले पक्षी चितारायला निघालेल्या एलिझाबेथ गूल्डने थोरला मुलगा तेवढा बरोबर घेतला आणि तीन धाकटी लेकरे इंग्लंडात आपल्या आईपाशी ठेवली. तिने आईला धाडलेली पत्रे आज सिडनीच्या स्टेट लायब्ररीत आहेत. त्यांत पक्ष्यांआधी मुले येतात, हे ओघानेच आले. पण टास्मानियातल्या होबार्टहून लिहिताना, घरगुती हकिगतीच्या ओघात, ती सहज सांगून जाते की इथल्या झाडाझुडपांची चित्रे काढण्यात आपला वेळ बरा जातो आणि ऑस्ट्रेलियातल्या पक्ष्यांच्या नियोजित ग्रंथालाही त्यांचा उपयोग होईल. या साध्या वाक्यापाशी आपण जरा रेंगाळू या.

कारण त्याआधी, १८३०च्या सुमारास सुरू झालेल्या हिमालयातील पक्ष्यांच्या ग्रंथासाठी तिच्यासमोर होती ती लंडनला पोचलेली निष्प्राण कातडी. हिमालय तिने कधी पाहिलाच नव्हता. त्या ग्रंथाच्या आरंभीच्या प्रतींत पक्षी रंगात न्हालेला, आणि त्याच्या पायांखालची फांदी मात्र बिनरंगी! ऑस्ट्रेलियाच्या चित्रांत हीच फांदी पाहा: तिला पालवी फुटते, फुलोरा येतो, पक्ष्याच्या चोचीइतक्याच निगुतीने पानाची शीर उमटते, आणि पत्रातला तो विरंगुळा पक्ष्याचे अवघे घरदार होऊन आपल्यापुढे उभा राहतो. दगडावर तेलकट खडूने उलटे रेखाटायचे, छापायचे, मग एकेक प्रत हाताने रंगवायची, अशा त्या कष्टाच्या कलेत हे सारे साधले आहे. अनेक चित्रांच्या तळाशी बारीक अक्षरांत सही असते ‘जे. आणि ई. गूल्ड’, जे आधी, ई नंतर. (हात बहुतेक कुणाचा, ते चित्रच सांगते.)

होबार्टलाच १८३९मध्ये तिला आणखी एक मुलगा झाला. १८४०मध्ये ती मायदेशी परतली आणि पुढच्याच ऑगस्टमध्ये, बाळंतपणानंतर, सदतिसाव्या वर्षी गेली. ऑस्ट्रेलियाच्या ग्रंथातल्या सुमारे ६०० चित्रांपैकी ८४ तिची. हिमालयातल्या एका शिंजिराला तिच्या हयातीतच तिचे नाव मिळाले होते. १८४४ साली जॉनने ऑस्ट्रेलियातल्या एका बहुरंगी मुनियेलाही ते दिले. दोन्ही पक्षी देखणे खरेच. पण तिची चित्रे कधी पाहायला मिळाली, तर पक्षी डोळाभर पाहून झाल्यावर त्याच्या पायांखालची डहाळीही वाचा.