तरवडाची उपेक्षा

छत्रपती संभाजीनगराहून दौलताबादेकडे जाताना पावसाळा सरतेवेळी मुरमाड उतारांवर पिवळ्या फुलांनी लवलेली झुडुपे दिसतात. ती न पाहिलेला प्रवासी विरळा. परंतु तीस तरवड म्हणून ओळखणारा सुशिक्षित गृहस्थ त्याहूनही विरळा. हा दोष केवळ दृष्टीचा नसून आमच्या वाङ्मयाचाही आहे, असे आम्हांस वाटते.

आमच्या निसर्गकाव्यातील बरीचशी फुले संस्कृत काव्यांतून किंवा घरच्या बागेतून आली आहेत. काहींवर तर इंग्रजी कवितेची छाया स्पष्ट दिसते. दुसऱ्यास बोल लावण्यापूर्वी स्वतःचा अपराध सांगणे बरे. वर्ड्‌स्वर्थच्या डॅफोडिलांवर आम्ही वर्षानुवर्षे व्याख्याने दिली. कुंपणापलीकडे फुललेल्या तरवडाचा दाखला द्यावा, हे आम्हांस कधी सुचले नाही.

वास्तविक काव्यविषय होण्यास या झुडुपात काय उणे आहे? वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर आणि तोही लहरी, अशा पावसावर ते हिरवे राहते. गुरे त्याच्या पाल्यास सहसा तोंड लावीत नाहीत, म्हणून चराईच्या माळावरही ते टिकते. त्याच्या फुलात मध नसतो. पराग नळीसारख्या कोशांत बंद असतात आणि त्यांस केवळ टोकाशी छिद्र असते. भुंगा फुलास बिलगून अंग थरथरवितो, तेव्हाच ते बाहेर पडतात. कवींनी भ्रमरास कमळात कोंडून विलासी ठरविले. तरवडावरचा गुंजारव मात्र निखळ श्रमाचा आहे.

मग ही उपेक्षा का? आयुर्वेदाने यास आवर्तकी म्हणून जवळ केले आणि नवरात्रात घटावर याच्या फुलांची माळही चढते. परंतु याची खरी ख्याती सालीमुळे होती. त्या सालीने कातडी कमावली जात असे. ज्या हातांनी ती सोलली व भिजविली, त्या हातांस आमच्या वाङ्मयात दीर्घकाळ स्थान नव्हते. मग त्यांच्या झुडुपास ते कोठून मिळणार? १९५६ पर्यंत ज्या तेलंगणाशी आम्ही एकाच हैदराबाद राज्यात नांदलो, तेथे हेच फूल बतुकम्माच्या उत्सवात मानाने रचले जाते आणि आज ते त्या राज्याचे राज्यपुष्प आहे.

अपवाद नाहीत असे नव्हे. अजिंठ्याच्या परिसरातील ना. धों. महानोरांच्या 'रानातल्या कविता' १९६७ साली आल्या, आणि शेतकऱ्याच्या हाताने रान मराठी कवितेत आले. याच नगरात गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'ने गावकुसाबाहेरच्या जीवनास लेखणी दिली. जो त्या मातीत राबला, त्यालाच ती शब्दांत आणता आली, हा यातील बोध आहे.

कोणी म्हणेल, एका झुडुपासाठी एवढा खटाटोप कशाला? उत्तर आमच्या भाषेतच आहे. ज्या जमिनीवर तरवड वाढतो तीस आम्ही 'पडीक' म्हणतो. एकदा हा शब्द चिकटला की तेथील झुडुपे उपटून परदेशी गिरिपुष्प लावणे हे वनीकरण ठरते, आणि कोणास हळहळ वाटत नाही. ज्याचे नावच ठाऊक नाही, त्याच्या नाशाची नोंद कोण ठेवणार? येत्या नवरात्रात घटाची माळ ओवताना वाचकांनी मुलांस या फुलाचे नाव सांगावे. टीकाकाराची मागणी तूर्त एवढीच आहे.