बाबा ओ'रायली, मुक्काम अरणगाव

गाण्याच्या नावात 'बाबा' आहेत आणि अख्ख्या गाण्यात त्यांचा उल्लेख एकदाही नाही. 'द हू' या इंग्रज रॉक बँडचं 'बाबा ओ'रायली' हे गाणं १९७१ च्या ऑगस्टमध्ये 'हूज नेक्स्ट' या रेकॉर्डवर आलं, तेही पहिलंच. त्यातले बाबा म्हणजे आपले मेहेरबाबा. जन्म पुण्याच्या इराणी घरातला, पण मुक्काम नगरपासून दौंड रोडला, अरणगावच्या शिवारात. पहिल्या महायुद्धातली लष्कराची छावणी उठून गेल्यावर ओसाड पडलेल्या जागेवर १९२३ साली मेहेराबाद वसलं. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे. जगाच्या रॉक संगीतात मात्र आपली नोंद या मेहेराबादच्या नावावर आहे आणि ती आपल्यातल्याच बहुतेकांना ठाऊक नाही.

उसाच्या ट्रॉलीवर ठणाणा वाजणाऱ्या गाण्यांइतकंच हे संगीतही ज्यांना लागतं, असे काही नगरकर आहेत. मी त्यांच्यातला. जुन्या रेकॉर्डची नवी आवृत्ती निघाली की आम्ही आधी श्रेयनामावली वाचतो, ग्रॅमीची यादी लागली की आपलं कोणी आहे का ते बघतो. हा नाद तसा निरुपद्रवी. पण त्यामुळे एक गोष्ट लक्षात आली. मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ ला मौन धरलं ते ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. साडेत्रेचाळीस वर्षं तोंडातून शब्द न काढलेल्या माणसामागे गाणी मात्र रांगेने आली, आणि त्या गाण्यांना मिळालेलं यश व त्यांचं अरणगावपासूनचं अंतर यांचा हिशेब मोठा गमतीचा आहे.

'बाबा ओ'रायली'पासून सुरुवात करू. पहिली चाळीसेक सेकंद नुसता ऑर्गन आहे. बरेच जण त्याला सिंथेसायझर समजतात. आहे तो लाउरी कंपनीचा घरगुती ऑर्गन. त्यात एक सोय होती: पट्ट्या दाबून धरल्या की यंत्रच ते स्वर मरिंब्यासारखे टपटप पुन्हापुन्हा वाजवत राहायचं. गाणं रचणाऱ्या, बाबांना गुरू मानणाऱ्या पीट टाउनशेंडने बोटं धरून ठेवली आणि यंत्राला बोलू दिलं. त्याचा मूळ विचार याहून धाडसी होता. मेहेरबाबांच्या आयुष्याचा तपशील यंत्रात भरायचा आणि त्यातून जे स्वर निघतील ते गाणं. तो विचार होता तसा उतरला नाही, पण त्याची खूण या सुरुवातीत राहिली आहे. स्वर कोणी वाजवतो आहे असं वाटत नाही, ते आपोआप चालू आहेत असं वाटतं. एकही आकृती नेमकी आधीसारखी येत नाही आणि तरी काहीच बदललेलं नाही.

मग पियानोचे तीन आघात येतात. पाश्चात्य भाषेत एफ, सी आणि बी फ्लॅट. आपल्या कानांनी मोजायचं तर षड्ज, पंचम, मध्यम. तंबोरा ज्या स्वरांवर लावतात तेच हे तीन! टाउनशेंडने तंबोरा डोळ्यांसमोर ठेवून हे केलं असं मी म्हणणार नाही. रॉकमध्ये हे तीन स्वर-समूह नेहमीचेच. पण इतर गाण्यांत ते धावत येतात-जातात. इथे ते मोकळ्या जागेत एकेक करून ठेवले आहेत आणि मागे ऑर्गनचा अखंड नाद आहे. म्हणून शास्त्रीय ऐकणारा कान इथे बुजत नाही, स्थिरावतो. कीथ मूनचा ड्रम येतो, रॉजर डाल्ट्रीचा आवाज येतो, आणि गिटार? रॉकच्या गाण्यात जी पहिल्या सेकंदाला हवी ती गिटार पावणेदोन मिनिटं उलटल्याशिवाय तोंड दाखवत नाही. टाउनशेंड हा मुळात गिटारवाला. स्वतःचं वाद्य इतका वेळ दाराबाहेर ताटकळत ठेवायला धीर लागतो.

नावातला दुसरा माणूस टेरी रायली, अमेरिकेतला संगीतकार. छोटे छोटे स्वरबंध पुन्हापुन्हा वाजवत त्यांतूनच रचना वाढवायची, ही त्याची रीत. टाउनशेंडने ऑर्गनची कल्पना त्याच्याकडून उचलली आणि कर्ज मान्य करून नाव दिलं. आपल्या दृष्टीने पुढची गोष्ट आणखी जवळची आहे. हाच रायली १९७० साली किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांचा गंडाबंद म्हणावा असा शिष्य झाला आणि पुढे कित्येक वर्षं त्यांच्यामागे तंबोरा धरून बसला. प्राणनाथ हे अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य. म्हणजे मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांचं जे घराणं, तेच. 'बाबा ओ'रायली' या दोन शब्दांच्या पाठीशी हिंदुस्थानातले दोन गुरू उभे आहेत: एक न बोलणारा आणि एक आलापीत तास घालवणारा.

शब्दांकडे आलो की आणखी एक नवल. गाणं सुरू होतं शेतात. पोटासाठी राबणारा, पाठीचा काटा ढिला होईपर्यंत कष्ट करणारा माणूस तिथे आहे. टाउनशेंडच्या 'लाइफहाउस' नावाच्या अर्धवट सुटलेल्या मोठ्या प्रकल्पातला हा शेतकरी. तो स्कॉटलंडातलं रान सोडून बायकोला घेऊन लंडनकडे निघतो. गाण्यातली पोरं वाट चुकलेली, उजाड झालेली आहेत. अमेरिकेत लोक अजूनही त्या उजाडपणाच्या ओळीलाच गाण्याचं नाव समजतात आणि पार्टीत हात वर करून नाचतात. अवर्षणप्रवण पट्ट्यात ज्वारी काढणाऱ्या माणसाला ही सुरुवात वेगळी ऐकू येईल. मधे टाउनशेंड स्वतःच्या पातळ, काहीशा कापऱ्या आवाजात रडू नकोस अशा अर्थाचं काही म्हणतो, आणि डाल्ट्रीच्या भरदार आवाजानंतर ते कुणीतरी खांद्यावर हात ठेवावा तसं येतं.

शेवट कीथ मूनच्या डोक्यातून आला: व्हायोलिन. डेव्ह आर्बसने ते वाजवलं. लय वाढत जाते, शब्द संपलेले असतात, आणि कीर्तनाच्या अखेरीस गजर चढतो तसं गाणं चढून एकदम थांबतं. मैफलीत व्हायोलिन नसलं की डाल्ट्री तेच हार्मोनिकावर काढतो. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या समारोपात हे गाणं साऱ्या जगाने ऐकलं. अरणगाव तेव्हा कोणाच्या मनातही नसेल. नसो.

पुरस्काराची गोष्ट दुसऱ्या गाण्याची. मेहेरबाबा साठच्या दशकात भक्तांना तारा आणि कार्डं पाठवत, त्यांत 'डोन्ट वरी, बी हॅपी' हे चार शब्द असत. सॅन फ्रान्सिस्कोत 'टक अँड पॅटी' या जोडीच्या घरात त्याचं पोस्टर होतं. ते बॉबी मॅक्फेरिन या जॅझ गायकाच्या नजरेस पडलं. १९८८ साली 'सिंपल प्लेझर्स'मध्ये त्याच शब्दांचं गाणं आलं आणि वाद्यांशिवायचं, नुसत्या गळ्याचं गाणं बिलबोर्डच्या यादीत पहिल्यांदा अव्वल ठरलं. २२ फेब्रुवारी १९८९ च्या ग्रॅमी सोहळ्यात त्याला साँग ऑफ द इयर, रेकॉर्ड ऑफ द इयर आणि उत्कृष्ट पुरुष पॉप गायन असे तीन पुरस्कार मिळाले. बॉब मार्लीच्या फोटोखाली हे गाणं टाकणाऱ्यांना एवढंच सांगावं, की मार्ली १९८१ सालीच गेला.

गाणं वरवर बाळबोध आहे. षड्ज, ऋषभ, मध्यम आणि पुन्हा षड्ज, या चार पायऱ्यांवर ते सुरुवातीपासून अखेरपर्यंत फिरतं. वळण म्हणून नाही. पण एकदा हेडफोन लावून फक्त खालचा आवाज ऐका. बेस गिटार वाटते तो मॅक्फेरिनचा गळा आहे. वरची शीळ त्याचीच, मधली साथ त्याचीच, चुटक्याही त्याच्याच. एकाच माणसाचे थरावर थर चढवले आहेत आणि प्रत्येक थरात श्वास ऐकू येतो. दुःखांची यादीही बघा: टेकायला जागा नाही, भाडं थकलंय, घरमालक कोर्टात जायच्या बेतात आहे. ही भारुडातली यादी आहे. एकेक अडचण सांगायची आणि दर वेळी त्याच पालुपदावर येऊन आपटायचं. हसवत हसवत सांगायचं म्हणून आवाजही थोडा सोंगाचा, कॅरिबियन ढबीचा काढलेला.

याच गाण्यावर सर्वांत कडक टीका झाली आणि ती मला पटते. थोरल्या जॉर्ज बुशच्या १९८८ च्या प्रचारात ते वाजू लागलं तेव्हा खुद्द मॅक्फेरिनने आक्षेप घेतला. पुढच्याच वर्षी 'पब्लिक एनिमी' या कृष्णवर्णीय रॅप गटाने 'फाइट द पॉवर'मध्ये या गाण्याला नाव घेऊन टोला हाणला: उपाशी माणसाला खूश राहा म्हणणं हे सत्तेच्या सोयीचं असतं. टीका गाण्याला लागू आहे, बाबांना तितकी नाही. कारण बाबांच्या सांगण्यात काळजी सोडण्याच्या आधी एक अट असे: तुझ्या परीने होईल तितकं कर, मग सोड. पोस्टरवर मावलं ते शेपूट. अट भिंतीबाहेर राहिली. गाण्यातला माणूस भाडं भरायला काय करतो ते गाणं सांगत नाही. मॅक्फेरिन मोठा कलावंत आहे, २०२३ ला त्याला ग्रॅमीचा जीवनगौरवही मिळाला. पण त्याचं हे सर्वांत गाजलेलं गाणं त्याच्या कामातलं सर्वांत खोल नव्हे. तो गळा नुसता, एकाही थराशिवाय ऐकायचा असेल तर १९८४ चं 'द व्हॉइस' घ्या.

आता यशाच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. हल्ली ज्याला इंडी म्हणतात, म्हणजे मोठ्या कंपनीच्या दाराशी न जाता आपणच रेकॉर्ड काढायची, ते टाउनशेंडने बाबांसाठी १९७० मध्येच केलं होतं. 'हॅपी बर्थडे' ही रेकॉर्ड मोजक्या प्रतींत, भक्तांपुरती निघाली. १९७२ मध्ये तशीच 'आय अॅम' आली. पहिलीत बाबांच्या आवडीचं कोल पोर्टरचं 'बिगिन द बिगीन' आहे. मौनातल्या या माणसाने आपल्या समाधीच्या वेळी ते सात वेळा वाजवायला सांगितलं होतं म्हणतात. उमेदीच्या वयात 'हुमा' नावाने गझला लिहिणारा आणि कव्वालीवर जीव टाकणारा माणूस. त्याला अमेरिकी नाचाचं गाणं का नसावं? दुसरीत 'बाबा ओ'रायली' आहे, पण गाणं काढून टाकलेलं, नुसता ऑर्गन, दहा मिनिटांच्या आसपास. या रेकॉर्ड चोरून छापून महाग विकल्या जाऊ लागल्या, तेव्हा त्यांतलं निवडक आणि काही नवं घेऊन १९७२ च्या अखेरीस 'हू केम फर्स्ट' ही अधिकृत रेकॉर्ड आली. कव्हरवर टाउनशेंड पांढऱ्या कपड्यांत, चक्क अंड्यांवर उभा आहे.

तिच्यातलं शेवटचं गाणं 'परवर्दिगार'. मेहेरबाबांनी १९५३ साली देहरादूनला मुळाक्षरांच्या पाटीवर बोट फिरवून सांगितलेली प्रार्थना त्याचा आधार. मूळ प्रार्थनेत परब्रह्म, अल्ला, यज़दान, अहुरमज़्द अशी नावं शेजारी शेजारी बसलेली आहेत. टाउनशेंडने ती इंग्रजीत गाता येईल अशी बेतली आणि घरच्या स्टुडिओत सगळी वाद्यं स्वतःच वाजवली. सुरुवात साध्या गिटारची. त्याला मोठा आवाज नाही आणि तो मोठा करत नाही. स्तुतीचं गाणं भारावलेल्या गळ्याने म्हणायची आपल्याकडे सवय आहे. इथे माणूस पाठ केलेलं नीट आठवत, एकेक विशेषण जागेवर ठेवत म्हणतो. ईश्वराला रंग नाही, रूप नाही, असं सांगताना चालसुद्धा फार हलत नाही. पुढे ड्रम येतात, वाद्यं चढतात, सहा मिनिटांपुढे गाणं जातं, पण पहिला संकोच शेवटपर्यंत टिकतो. रॉनी लेन या गायकाचं 'इव्होल्यूशन'ही याच रेकॉर्डवर आहे. दगडापासून वनस्पती, कीटक, मासा, पक्षी, जनावर आणि माणूस असा आत्म्याचा प्रवास तो गमतीने गातो. चौऱ्याऐंशी लक्ष योनी ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला ते गाणं समजावून द्यावं लागत नाही.

यांतल्या कशालाही ग्रॅमी नाही. अरणगावच्या सर्वांत जवळ मात्र हीच गाणी आहेत, आणि रचना म्हणून 'बाबा ओ'रायली' कितीही श्रेष्ठ असलं तरी पुन्हा लावावंसं वाटतं ते 'परवर्दिगार'.

राहिली मैफल. दर वर्षी ३१ जानेवारीच्या अमरतिथीला मेहेराबादच्या टेकडीवर देशोदेशीचे लोक जमतात. तीन दिवस गाणी चालतात. तेलुगू, हिंदी, मराठी, इंग्रजी, ज्याला जे येतं ते. खालून दौंड-मनमाड लोहमार्ग जातो. ३१ तारखेला दुपारी बाराच्या सुमारास पंधरा मिनिटं सगळे गप्प बसतात, मग पुन्हा गाणं. तिकीट नाही, यादी नाही, पुरस्कार नाही. नगरकरांनी एकदा तरी जावं. जाण्याआधी २०१८ मध्ये निघालेली 'हू केम फर्स्ट'ची वाढीव आवृत्ती ऐका. तिच्या दुसऱ्या तबकडीच्या शेवटाजवळ 'ड्राउन्ड' हे गाणं आहे, आणि त्याच्यापुढे कंसात लिहिलंय: भारतातलं प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण.