क्लिप कुठून सुरू होते? मावी मारमारावरचे तीन अहवाल वाचताना

हेलिकॉप्टरमधून दोरावरून जहाजावर उतरणारे सैनिक आणि खाली काठ्या-सळया घेऊन त्यांच्यावर तुटून पडलेले लोक. इस्रायली लष्कराने प्रसिद्ध केलेली ही काळोखातली क्लिप तुमच्यापैकी अनेकांच्या फोनवर कधी ना कधी येऊन गेली असेल. ती पाहिली की एकच प्रश्न सुचतो, आधी हात कोणी उचलला? पण क्लिप तिथूनच का सुरू होते, हे आपण सहसा विचारत नाही. प्रवाशांचे कॅमेरे आणि फोन इस्रायलने जप्त केले होते, त्यामुळे त्यांच्या बाजूचं बरंचसं चित्रण बाहेर आलंच नाही.

घटना ३१ मे २०१० च्या पहाटेची. गाझाकडे मदत घेऊन निघालेल्या सहा जहाजांच्या ताफ्यावर इस्रायली नौदलाने खुल्या समुद्रात, नाकेबंदीच्या हद्दीपासून ६० हून अधिक सागरी मैल अलीकडे छापा घातला. 'मावी मारमारा' या सगळ्यांत मोठ्या जहाजावर नऊ जण मारले गेले. आठ तुर्की नागरिक आणि एक तुर्की-अमेरिकी तरुण. अनेक प्रवासी आणि काही सैनिक जखमी झाले.

या छाप्यावर जे अहवाल आले, त्यांतले तीन मी शेजारी ठेवून वाचले. कायद्याची विद्यार्थिनी म्हणून नव्हे. एकच गोष्ट तीन निवेदकांनी सांगितली तर काय होतं, हे पाहायला.

पहिला सप्टेंबर २०१० चा, संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेचा. कार्ल हडसन-फिलिप्स यांच्या पथकाने शंभराहून अधिक साक्षीदारांशी बोलून तो लिहिला. गाझातल्या सामान्य लोकांना नाकेबंदीचा जो फटका बसतो, त्यामुळे ती बेकायदा ठरते आणि मृतांपैकी किमान सहा जणांच्या हत्या न्यायबाह्य म्हणाव्यात अशा आहेत, हा त्याचा निष्कर्ष. हा अहवाल सर्वांत जिवंत आहे, कारण त्यात माणसं बोलतात. पण इस्रायलने सहकार्य नाकारल्यामुळे त्यात सैनिक बोलत नाहीत. काही प्रवाशांनी मुकाबल्याची तयारी आधीच केली होती, तो भागही त्यात मला पातळ वाटला.

दुसरा जानेवारी २०११ चा, इस्रायल सरकारने नेमलेल्या टर्केल आयोगाचा. त्याच्या मते नाकेबंदीही कायदेशीर आणि छापाही. बळाच्या वापराचे प्रसंग तो एकेक करून तपासतो, पण सैनिकांच्या लेखी जबाबांवरून. समोर बसवून उलटतपासणी नाही. गोळी झाडणाऱ्याचा आवाज इथे कागदावरून, गाळून येतो.

तिसरा सप्टेंबर २०११ चा. न्यूझीलंडचे माजी पंतप्रधान जेफ्री पामर अध्यक्ष, कोलंबियाचे माजी राष्ट्राध्यक्ष अल्वारो उरिबे उपाध्यक्ष, शिवाय इस्रायल आणि तुर्कस्तानचा एकेक सदस्य. या समितीला साक्षी नोंदवण्याचा अधिकारच नव्हता. दोन्ही देशांनी दिलेले अहवाल आणि खुलासे वाचून तिने मत दिलं. तरी आज वादात सर्वाधिक वापर याच अहवालाचा होतो, कारण त्यात दोन्ही बाजूंना सोयीचं वाक्य सापडतं. नाकेबंदी कायदेशीर, पण बळाचा वापर अवाजवी.

पामर अहवालाचा खरा कौल मात्र त्याच्या रचनेत आहे. समुद्रातली नाकेबंदी आणि जमिनीवरच्या नाक्यांवरची बंधनं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं तो आधीच ठरवतो. हमासने गाझाचा ताबा घेतल्यावर २००७ पासून नाके आवळले गेले. सागरी नाकेबंदी जानेवारी २००९ मध्ये जाहीर झाली. तारखा वेगळ्या, उद्देश वेगळे, हा त्याचा युक्तिवाद. गाझात मोठी मालवाहू जहाजं लागतील असं बंदर नाही, मग समुद्र अडवल्याने लोकांचं वेगळं नुकसान ते काय?

युक्तिवाद उडवून लावण्याजोगा नाही. गाझातून इस्रायली गावांवर रॉकेटं पडत होती आणि समुद्रमार्गे शस्त्रं येण्याची भीती काल्पनिक नव्हती. पण ज्या घराचं पुढचं दार बंद आहे, त्याच्या मागच्या दाराला कुलूप लावून 'या कुलपाने फारसं अडत नाही' म्हणावं, तसं हे आहे. नाक्यांवर काय अडत होतं? 'गीशा' या इस्रायली मानवी हक्क संस्थेने केलेल्या निषिद्ध वस्तूंच्या यादीत धणे होते, जिरं होतं, जॅम होता. नुकसान मोजताना ही यादी चौकटीबाहेर ठेवली, तर उत्तर ठरलेलंच. पामर अहवाल आल्यावर संयुक्त राष्ट्रांच्याच पाच स्वतंत्र तज्ज्ञांनी त्याचा हा निष्कर्ष अमान्य केला.

समजा, पामर यांचं सगळं मान्य केलं. तरीही त्याच अहवालात लिहिलंय की बहुतेक मृतांना अनेक गोळ्या लागल्या, काहींना पाठीत, काहींना अगदी जवळून. आणि याचा समाधानकारक खुलासा इस्रायलने दिलेला नाही. वाद करणारे 'कायदेशीर' या शब्दाशी थांबतात आणि हे पान उलटतच नाहीत. नाकेबंदी वैध असणं आणि पाठीत लागलेली गोळी वैध असणं, या दोन गोष्टींमध्ये पूल नाही.

जगाने काय केलं? सुरक्षा परिषदेने दुसऱ्याच दिवशी निषेध केला, पण जबाबदार कोण हे न सांगणाऱ्या शब्दांत. तुर्कस्तानने २०११ मध्ये इस्रायली राजदूताला घालवून दिलं. २०१३ मध्ये नेतान्याहूंनी फोनवरून माफी मागितली. २०१६ मध्ये दोन कोटी डॉलरच्या भरपाईवर समेट झाला आणि तुर्कस्तानातला खटला बंद पडला. जहाज कोमोरोसच्या ध्वजाखाली असल्याने त्या छोट्या देशाने प्रकरण आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात नेलं. युद्धगुन्हे घडल्याचं मानायला वाजवी आधार आहे, पण प्रकरण पुरेसं गंभीर नाही, असं सरकारी वकिलांनी २०१४ मध्ये सांगितलं. न्यायाधीशांनी फेरविचार करायला लावूनही ते मत बदललं नाही.

त्याच २०१४ च्या मे महिन्यात, चार वर्षं कोमात असलेला दहावा माणूस गेला. त्याचा मृत्यू या तिन्ही अहवालांत नाही. ते लिहून झाले तेव्हा तो जिवंत होता. म्हणून 'मावी मारमारा'वर कोणी तुमच्याशी वाद घालू लागलं, तर त्याच्या हातात कोणता अहवाल आहे हे विचारा, आणि त्या अहवालाने कोणाला बोलू दिलं नाही, हेही विचारा.