‘नेटिव्ह’ : शब्द एक, भाव तीन

पहिला पेपर पाठवलात की रिव्ह्यूअरच्या शेऱ्यांत एक ओळ हमखास भेटू शकते : इंग्रजी एखाद्या ‘नेटिव्ह स्पीकर’कडून तपासून घ्या. ती वाचून बरेच जण खट्टू होतात आणि निमूटपणे पैसे मोजून भाषा दुरुस्त करून घेतात. माझं म्हणणं असं, की आधी तो शब्द तपासा.

‘नेटिव्ह’ मूळचा लॅटिन, अर्थ जन्माने मिळालेला. लॅबमध्ये तो आपल्याला चांगल्या अर्थाने भेटतो. नेटिव्ह प्रोटीन म्हणजे नैसर्गिक घडी शाबूत असलेलं, आपलं काम करू शकणारं प्रोटीन. उकळलंत की ते डिनेचर होतं. आता हाच शब्द एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत बघा. ‘बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’मध्ये बाळशास्त्री जांभेकर ‘नेटिव्ह सेक्रेटरी’ होते. दर्पणकारांची विद्वत्ता काय होती ते वेगळं सांगायला नको, पण पदापुढे जन्म चिकटवलेलाच. इंग्रज अधिकाऱ्याच्या तोंडी ‘नेटिव्ह’ म्हणजे इथला, म्हणून एक पायरी खाली. आणि आज जर्नलच्या तोंडी ‘नेटिव्ह’ म्हणजे तिथला, म्हणून एक पायरी वर. अर्थ तोच राहिला, भाव मात्र बोलणाऱ्याच्या खुर्चीप्रमाणे बदलला.

‘व्हर्नाक्युलर’ची गोष्ट तर आणखी बोचरी. लॅटिनमध्ये ‘व्हेर्ना’ म्हणजे मालकाच्या घरात जन्मलेला गुलाम. त्यावरून घरगुती, देशी असा अर्थ आला. लिटनच्या 1878 च्या व्हर्नाक्युलर प्रेस अॅक्टने देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांवर जाच बसवला, इंग्रजी पत्रं त्यातून सुटली. आपल्या आजोबांच्या पिढीने ‘व्हर्नाक्युलर फायनल’ पास होऊन मास्तरकी केली आणि त्याचा अभिमानही बाळगला. कॉलेजात मात्र मराठी माध्यमातून आलेल्याला ‘व्हर्नॅक’ म्हणून हिणवलं जातं. (यात आपण फार सोवळे आहोत असं समजू नका. शहरी ते ‘नागर’ आणि खेड्यातलं ते ‘ग्राम्य’, ही सोय आपणही करून ठेवली आहेच.)

मग ‘नेटिव्ह स्पीकर’ ही कल्पनाच टाकाऊ आहे का? तसं नाही. ब्लूमफिल्डने 1933 मध्ये साधी व्याख्या दिली : माणूस जी भाषा पहिल्यांदा बोलायला शिकतो, तिचा तो नेटिव्ह स्पीकर. या हिशेबाने आपण सगळेच कुठल्या ना कुठल्या भाषेचे नेटिव्ह. व्याख्या बोलण्याबद्दल आहे, हे लक्षात घ्या. मेथड्स सेक्शन कसा लिहावा, निष्कर्ष किती जपून मांडावा, हे कुणी आईच्या मांडीवर शिकत नाही. ते लंडनच्या मुलालाही शिकावं लागतं आणि लातूरच्याही. म्हणून तो शेरा मला चुकीचा वाटतो. तो वाक्य तपासत नाही, लिहिणाऱ्याचा जन्म तपासतो.

उलट बाजूही सांगतो, कारण या रागाच्या आड लपणं सोपं आहे. ‘फ्यू सेल्स सर्व्हाइव्ह्ड’ म्हणजे जवळजवळ काहीच वाचलं नाही. ‘अ फ्यू सेल्स सर्व्हाइव्ह्ड’ म्हणजे काही पेशी वाचल्या. एका ‘अ’ने निष्कर्षाचा रोख बदलतो. मराठीत आर्टिकल नाही, त्यामुळे तो ‘अ’ आपल्या हातून सहज निसटतो. तसंच ‘आय हॅव अ डाउट’. आपल्याला ‘शंका’ विचारायची असते, परदेशी गाइडला वाटतं की त्याच्या म्हणण्यावर अविश्वास दाखवला. तिथे ‘क्वेश्चन’ म्हणा. ही चूक जन्माची नाही, सवयीची आहे आणि सुधारता येते.

तर तो शेरा आला की उत्तरात भांडू नका. आधी जोडीदाराकडून एकेक वाक्य मोठ्याने वाचून घ्या, तो जिथे अडखळेल तिथे दुरुस्ती करा. मग संपादकाला लिहा : हस्तलिखित पुन्हा तपासलं आहे, अजून कोणत्या ओळींत अर्थ संदिग्ध वाटतो ते ओळक्रमांकासह कळवावं. हस्तलिखिताला ओळक्रमांक टाकायला तेवढं विसरू नका.