लपणात बसलेला तिसरा

आपण बसलोय काशीगावात, खाडी आणि मिठागरांच्या शेजारी, आणि मी बोलणार आहे माळावरच्या पक्ष्यांबद्दल. कारण मागच्या भिंतीवर लावलेले हे फोटो. मधला बघा. तणमोराचा नर हवेत, पाय दुमडलेले, डोक्यामागचे पिसांचे तुरे अगदी स्पष्ट. मागे सगळं एकसारखं धूसर हिरवं. फोटोग्राफर मंडळी याला 'क्लीन बॅकग्राउंड' म्हणतात आणि त्यावर खूश असतात. माझी तक्रार तिथूनच सुरू होते.

ही उडी कशासाठी? पावसाळ्यात गवत वाढतं आणि कोंबडीएवढा हा पक्षी त्यात दिसेनासा होतो. म्हणून तो जागच्या जागी दीड-दोन मीटर उसळतो, दिवसातून शेकडो वेळा. गवत उंच, म्हणून उडी. फोटोने नेमकं गवतच पुसलं. कारण खोडून परिणाम तेवढा ठेवला. विद्यार्थ्याने पेपरात असं केलं असतं तर मी मार्क कापले असते.

आणि उडी कुणासाठी? मादीसाठी. ती नरापेक्षा थोडी मोठी, पण मातकट, गवतात दडलेली. म्हणजे बघा, लपणात बसून पाहणारी पहिली ती आहे. आपण कापडी लपण उभारतो आणि तिच्याच जागेवर जाऊन बसतो. दोघांच्या व्यवहारात हा तिसरा. सार्त्रने 1943च्या 'बीइंग अँड नथिंगनेस'मध्ये किल्लीच्या भोकातून डोकावणारा माणूस उभा केलाय. मागे पाऊल वाजतं आणि तो लाजेने गोठतो. लपणात ती सोय नाही. तिथे पाऊल वाजत नाही, आणि फोटोतही लपण दिसत नाही. जणू तिथे कुणी नव्हतंच!

आपल्या भाषेचंही तसंच. एक छोटा चंडोल हवेत वरखाली सूर मारतो, त्याला आपण 'डोंबारी' म्हणतो. खेळ जणू आपल्यासाठीच चाललाय. ब्रिटिश काळात तर शिकारी याच उडीवरून तणमोर हेरत आणि ऐन विणीत मारत. त्यांच्यातल्याच पक्षीतज्ज्ञांनी त्याबद्दल नाराजी लिहून ठेवली आहे.

मी काही सोवळा नाही. सोलापूरजवळच्या नान्नजला 1979 साली माळढोकचं अभयारण्य झालं, त्यानंतर काही वर्षांनी एका मित्राबरोबर तिथल्या माळावर लपणात बसलो होतो. लपणाचा नियम साधा: उजाडायच्या आत शिरायचं, अंधार पडल्यावर निघायचं. समोर माळढोकचा नर, गळ्याची पिशवी फुगवून लोंबती सोडलेली, शेपटी पाठीवर, आणि तो खोल हुंकार. दहाच्या सुमारास मला राहवेना, लघवीला बाहेर आलो. पिशवी आत गेली, चार पावलं चालला, उडाला. मित्र दिवसभर बोलला नाही. पण मादी आसपास होती का, हे त्यानेही पाहिलं नव्हतं, मीही नाही. आम्हाला नर पुरत होता. आज तिथे माळढोक दिसला तर बातमी होते.

लपणच नको, असं मी म्हणत नाही. इंग्लंडमध्ये कीर्टन बंधूंनी 1900च्या सुमारास पोकळ बैल करून त्यात कॅमेरा बसवला, त्यामागे पक्ष्याला त्रास होऊ नये हीही समज होती. गाडीतून किंवा पायी पाठलाग करण्यापेक्षा तासन् तास एका जागी बसणं केव्हाही बरं. पण मग ते बसणं फोटोखाली लिहा ना! इथे लेन्स लिहिली आहे, शटरस्पीड लिहिलाय. अंतर किती, किती तास बसलात, गवत किती उंच होतं, मादी आली की नाही, यातलं काही नाही.

दाराजवळ एक फोटो आहे, त्याच्यापुढे कुणी थांबलेलं मला दिसलं नाही. नुसतं गवत, ढगाळ आभाळ आणि मध्ये काळा-पांढरा ठिपका. चहा घेताना तो बघा. तणमोर सापडायला जरा वेळ लागेल.