निदानाची परिभाषा आणि रुग्णाचे क्रियापद

कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड व हेन्री सिल्व्हर यांनी १९६५ साली ‘नर्स प्रॅक्टिशनर’चे शिक्षण सुरू केले. परिचारिकेने लक्षणे केवळ टिपावयाची की त्यांवरून अनुमानही करावयाचे, या वादाला तेव्हापासून निराळे वळण लागले. भारतातही २०१८ च्या प्रसूतिसेवाविषयक मार्गदर्शक सूचनांनी ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी’ ही भूमिका पुढे आणली. अनुमान करावयाचे ते कोणत्या भाषेतील विधानांवरून, हा प्रश्न भाषाशास्त्राच्या बाजूने येथे विचारावयाचा आहे.

निदानविचाराच्या अध्यापनात बोर्दाज व लेमिओ यांच्या १९९१ च्या निबंधाला मोठे स्थान आहे. निष्णात निदानकर्ता रुग्णाचे बोलणे अमूर्त विरोधी जोड्यांत बसवितो, असे त्यांचे प्रतिपादन: आकस्मिक की क्रमशः, सतत की खंडित, एका बाजूस की दोन्ही बाजूंस. रुग्ण म्हणतो, काल रात्री गुडघा दुखू लागला, पूर्वीही असे झाले होते. निदानकर्ता ऐकतो, ‘आकस्मिक, पुनरावर्ती, एकसांधी’. वर्णविचारातील विरोधतत्त्व जाणणाऱ्या विद्यार्थ्यास यात ओळखीचा चेहरा दिसेल.

या प्रतिपादनाचा अध्यापनात जो उपयोग होतो, त्यावर माझा आक्षेप आहे. रुग्णाचे वाक्य हा कच्चा माल आणि परिभाषा हा पक्का, असे तेथे गृहीत धरले जाते. मराठीपुरते तरी हे खरे नाही. मराठी रुग्ण विरोध आधीच करून ठेवतो, आणि तोही बहुधा विशेषणाने नव्हे, क्रियापदाने. गळू ठणकते, काटा सलतो, पाठीत चमक भरते, पायात गोळे येतात. ‘दुखतंय’, ‘दुखत असतं’, ‘दुखत राहतं’, ‘राहून राहून दुखतं’ यांत काळाची चार निरनिराळी चित्रे आहेत; इंग्रजी केसपेपरावर चौघांची मिळून एकच ‘पेन’ होते. मेल्झॅकच्या १९७५ च्या वेदना-प्रश्नावलीतील अठ्ठ्याहत्तर शब्द मराठीत आणू पाहणाऱ्यास हीच अडचण येईल. ‘धडधडणारी वेदना’ हे भाषांतर शब्दशः बरोबर असेलही, पण मराठीत धडधडते ते काळीज; दाढ ठणकते.

प्रसूतिकक्षात हा भेद केवळ शब्दांचा राहत नाही. ‘पोटात कळ आली’ आणि ‘कळा सुरू झाल्या’ या दोन वाक्यांत वचनाने केवढे अंतर पाडले आहे! अनेकवचनातच येणे आणि ओसरणे अभिप्रेत असते. तीच बाई ‘कळा नाहीत, पण पोट दुखायचं थांबतच नाही’ असे म्हणाली, तर ती दोन वेदनांची व्यावर्तक लक्षणे स्वतःच सांगत असते. वार वेळेपूर्वी सुटल्यास गर्भाशय सैल न पडता पोट सतत दुखू शकते, आणि रक्तस्राव आतच राहिला तर बाहेर काही दिसतही नाही. अशा वेळी ‘लेबर पेन्स’ एवढेच टिपणाऱ्या विद्यार्थिनीने निदानाचे दार स्वतःच्या हाताने लावून घेतलेले असते.

‘छाती दुखते’ व ‘छातीत दुखतं’ यांबद्दल मात्र सावधपणे बोलले पाहिजे. पहिल्यात अवयव कर्ता आहे, दुसऱ्यात अधिकरण. हा भेद प्रत्येक बोलीत पाळला जाईल असे नाही, आणि त्यावरून हृदयविकार ठरविणे हा तर अविचारच. पण ‘वरून दुखतं की आतून?’ हा प्रश्न सुचण्यास तो पुरेसा आहे.

नेंदाझ व बोर्दाज यांनी २००२ साली स्वतःच ही पद्धती तपासली, हा त्यांचा प्रामाणिकपणा नोंदविला पाहिजे. विद्यार्थी विरोधी संज्ञा अधिक वापरू लागले, निदानाची अचूकता मात्र वाढली नाही. माझ्या मते, संज्ञा शिकविता आल्या, त्यांच्यामागचे ऐकणे शिकविले गेले नाही, असा याचा अर्थ लावता येतो.

यास्तव अध्यापनात एक लहानसा बदल करून पाहावा. केसपेपरावर आधी रुग्णाचे क्रियापद त्याच्याच शब्दांत, काळ व वचन न बदलता, देवनागरीत लिहावे. परिभाषा त्याच्यासमोर, वेगळ्या रकान्यात. ‘दुखतंय’ या नोंदीपुढे ‘सतत’ लिहावे की ‘खंडित’ हे विद्यार्थिनीस ठरविता येणार नाही. तो रकाना तिने रिकामाच ठेवावा आणि खाटेपाशी परत जाऊन विचारावे, ‘मध्ये थांबतं का हो, बाई?’